परिषदेचा मांडव कुणाच्या पैशाचा?

2023 च्या फेब्रुवारीत आपल्या औरंगाबादेत (त्याच सुमारास शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले) जी-20 च्या महिला गटाची, म्हणजे डब्ल्यू-20 ची पहिली बैठक झाली. तारीख 27 आणि 28. त्याआधी शहरात काय धावपळ उडाली होती ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दुभाजक रंगले, उड्डाणपुलांवर चित्रे आली, वर्षानुवर्षे बंद असलेले दिवे लागले. पाहुण्यांना लेणी दाखवली गेली. बैठकीचे विषय होते महिला उद्योजकता, तळागाळातील महिला नेतृत्व, डिजिटल दरी, शिक्षण-कौशल्य आणि हवामान बदल. यातला एकही विषय वाईट नाही. पण 'तळागाळ' हा शब्द ज्या रस्त्याने बैठकीपर्यंत गेला, तो रस्ता पहाटे झाडणारी बाई कोणत्या ठेकेदाराकडे आणि किती रोजावर होती, हे कुठल्या सत्रात आले का, असा प्रश्न आमच्या मनात तेव्हापासून आहे.

बैठका आणि परिषदा हा आता मोठा धंदा झाला आहे. पर्यटनवाले त्याला 'माईस' म्हणतात. मीटिंग, इन्सेंटिव्ह, कॉन्फरन्स, एक्झिबिशन या चार शब्दांची ती आद्याक्षरे. शेंद्र्याला ऑरिक वसाहत झाली, 2019 मध्ये ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले, 2023 च्या जानेवारीत तिथे उद्योजकांचे मोठे प्रदर्शन भरले. विमानतळ आहे, वेरूळ-अजिंठा आहे, हॉटेले आहेत, तेव्हा या शहराला परिषदांचे शहर करावे असे अनेकांना वाटते. या धंद्याचे जाणकार सध्या प्रायोजक कसा टिकवायचा, निम्मे लोक समोर आणि निम्मे ऑनलाइन असताना कार्यक्रम कसा चालवायचा, ताटामागे खर्च किती धरायचा, कचरा कसा कमी करायचा, यावर चर्चा करतात. करोनानंतर तर या चर्चेला ऊत आला आहे.

आपल्या तरुणांना हे सगळे परके वाटते, किंवा मग फार भारी वाटते. दोन्ही चूक आहे. कारण परिषद भरवणे ही आपल्या चळवळीची सर्वात जुनी विद्या आहे. जागा, पाणी, जेवण, पैसा, ठराव. हे पाच प्रश्न बाबासाहेबांच्या पिढीने सोडवले, आणि तेही बाजार विरोधात असताना.

महाड घ्या. 19 आणि 20 मार्च 1927 ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. आपण चवदार तळ्याचे पाणी लक्षात ठेवतो आणि ते ठेवलेच पाहिजे. पण त्याच परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते, हे किती जणांना माहीत आहे? पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसे शंभर-शंभर मैलांवरून आली, ती भाकरतुकड्याचे गाठोडे खांद्याला अडकवून. आजच्या भाषेत ते 'डेलिगेट' होते. नोंदणी शुल्क नव्हते, पण प्रत्येकाने आपला खर्च आपल्या अंगावर घेतला होता. आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावरून परतल्यावर हल्ला झाला तो कुठे? मांडवात. जेवणाऱ्या लोकांवर. अन्न मातीत कालवले गेले, भांडी ठेचली गेली. हल्लेखोरांना बरोबर कळले होते की अस्पृश्यांनी एकत्र बसून जेवणे, ही परिषदेतली बाजूची गोष्ट नाही.

डिसेंबरात पुन्हा महाडलाच परिषद घ्यायची ठरली तेव्हा गावाने धडा घेतलेला होता. जागा कुणी देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन मांडवासाठी दिली. दुकानदार माल देईनात म्हणून धान्य आणि इतर जिन्नस बाहेरून आणावे लागले. मोटारवाले नेईनात म्हणून बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडला आले. 25 डिसेंबरला मनुस्मृती जळाली ती त्या मागून घेतलेल्या जमिनीवर. धंदेवाल्या भाषेत बोलायचे तर स्थळ, पुरवठा आणि वाहतूक या तिन्ही गोष्टी बंद केल्या की परिषद मरते, हे विरोधकांचे गणित होते. ते चुकले, कारण त्या काळच्या संयोजकांनी बाजारावर विसंबून परिषद ठरवलीच नव्हती.

आता आपल्याकडे या. निजामाच्या राज्यात बाबासाहेबांच्या भाषणाला बंदी होती. औरंगाबाद शहरात सभा शक्य नव्हती. भाऊसाहेब मोरे यांनी यावर जो तोडगा काढला त्याला आम्ही संयोजनातली अक्कल म्हणतो. कन्नडजवळ शिवना नदी हद्दीवर होती, आणि मक्रणपूर ब्रिटिश मुलखात मोडत होते. 30 डिसेंबर 1938 ला परिषद तिथे घेतली. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे आली. नदी ओलांडली की निजामाचा हुकूम मागे राहत होता. विटांचा ओटा बांधून व्यासपीठ केले, तो ओटा अजून आहे. पैसा उभा करताना मोरे यांच्या घरातल्या बाईचे दागिने खर्ची पडले, ही आठवण त्या घराण्यात आजही सांगतात. या परिषदेत भाऊसाहेबांनी 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द लोकांना दिला, असे मराठवाड्यात मानले जाते. (कामठीच्या बाबू हरदासांनी तो आधी रूढ केला की नाही, हा वाद आम्ही इथे उकरत नाही. दोन्हीकडची माणसे आपलीच.)

बाबासाहेबांनी या शहराबद्दल पुढे काय केले ते पाहिले की आम्हाला मक्रणपूरचा अर्थ जास्त कळतो. ज्या शहरात त्यांना बोलायला जागा नव्हती, तिथे बारा वर्षांनी, 1950 मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे मिलिंद. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद कोनशिलेला आले. नागसेनवन उभे राहिले. भाड्याचा हॉल नव्हे, उसनी जमीन नव्हे, हद्दीपलीकडचा ओटा नव्हे. स्वतःची जागा. 2019 च्या नोव्हेंबरात, 22 ते 24 तारखेला, जागतिक धम्म परिषद झाली आणि दलाई लामा आले तेव्हा देशोदेशीचे भिक्खू आणि खेड्यापाड्यांतली पांढऱ्या साडीतली माय कुठे बसली? नागसेनवनातल्या पीईएसच्या मैदानावर. त्या मायला गळ्यात ओळखपत्र अडकवून काचेच्या दारातून आत जावे लागले नाही. जागा आपली असली की दारावर कोण उभे राहील हे आपण ठरवतो.

ठरावांचेही तसेच. नागपूरला 1942 च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनाबरोबर दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. त्यांनी काय मागितले? नवऱ्याला सोडण्याचा कायदेशीर हक्क. एकापेक्षा जास्त बायका करण्यावर कायद्याने बंदी. गिरणी, विडी, नगरपालिका, रेल्वे अशा ठिकाणी राबणाऱ्या बायांना पगारी रजा, अपघात झाला तर भरपाई, म्हातारपणी पेन्शन. गिरण्यांत बायांवर देखरेखीला बाईच नेमा. कलम वाचले की कोणती बाई बोलते आहे ते ऐकू येते. 'सक्षमीकरण' हा शब्द त्यांना लागला नाही.

हे लिहिण्याचे कारण सांगतो, कारण दुसऱ्यांना बोलून आम्ही मोकळे होणार नाही. काही काळापूर्वी आम्ही शहरात युवकांची एक परिषद घेतली. आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले की आता वस्तीतल्या समाजमंदिरात बसायचे दिवस गेले, एसी हॉल घ्या, नाहीतर शिकलेली पोरे येत नाहीत. हॉलचे भाडे, स्क्रीन, माणशी जेवण, बॅनर असा हिशेब मांडला तर तो आमच्या ताकदीबाहेर गेला. मग प्रायोजक शोधला. आपल्याच समाजातला, चार कंत्राटे घेऊन वर आलेला माणूस. दिलदार होता, हे नाकारत नाही. परिषदेच्या दोन दिवस आधी त्याने ठरावांची यादी बघायला मागितली. सहावा ठराव कंत्राटी सफाई कामगारांचा होता. किमान वेतन, पीएफ, गणवेश, हातमोजे. तो म्हणाला, एवढा एक राहू द्या, बाकीचे झकास आहेत.

आम्ही राहू दिला.

हॉल भरला होता, फोटो छान आले, लाइव्ह पाहणारे पुष्कळ होते. दुपारी जेवणाच्या रांगेत आमच्या वस्तीतली एक सफाई कामगार मावशी भेटली. तिला आम्हीच आग्रहाने बोलावले होते, खाडा करून आली होती. तिने ताट हातात धरून विचारले, "आमचं कधी वाचणार रे लेकरांनो?" कुणी म्हणाले दुपारनंतर, कुणी म्हणाले वेळ कमी आहे. खरे कुणी सांगितले नाही. ताटे वाढणारी पोरेही, नंतर कळले, शेजारच्याच वस्तीतली होती, रोजंदारीवर आणलेली. त्यांना आत काय चालले आहे ते कुणी सांगितले नव्हते.

कुणी म्हणेल, पैसा कुठलाही असो, काम आपले झाले म्हणजे झाले. हा युक्तिवाद आम्ही त्या दिवशी स्वतःशी केला होता, म्हणून तो आम्हाला पाठ आहे. प्रायोजकाने आमचे भाषण बदलले नाही. घोषणा बदलली नाही. बाबासाहेबांचा फोटो सर्वात मोठा लावला. बदलला फक्त एक ठराव, आणि तो नेमका ज्याला किंमत पडली असती तोच होता.

दुसरा युक्तिवाद असा की काळ बदलला, आता भाकरी बांधून कोण येणार? बरोबर आहे, येणार नाही. आम्ही कुणाला पायी चालायला सांगत नाही. झूमवर बैठक घ्या; परभणीच्या, जालन्याच्या पोरीचे एसटीचे पैसे वाचत असतील तर त्यात वाईट काय? करोनाच्या काळात आपल्या कितीतरी व्याख्यानमाला अशाच चालल्या. पण एक फरक ध्यानात घ्या. महाडनंतर पंधरवड्यात, 3 एप्रिल 1927 ला, 'बहिष्कृत भारत' निघाले आणि परिषदेत काय झाले ते छापून लोकांपर्यंत गेले. आमच्या परिषदेचे चार तासांचे चित्रीकरण आहे, वृत्तांत मात्र एका पानाचाही नाही. ठराव किती झाले, कुणाला पाठवले, उत्तर आले का, असे आज विचारले तर आम्हाला मोबाइल चाळावा लागेल.

यंदा आम्ही हॉल घेतलेला नाही. वस्तीतले समाजमंदिर आहे, पंखे चार आहेत, एक बिघडलेला. घरटी दहा रुपये आणि मूठभर तांदूळ-डाळ अशी वर्गणी चालू आहे. पावतीपुस्तक दोन मुलींकडे आहे आणि हिशेब दर रविवारी भिंतीवर लागतो. स्वयंपाक पाळीने, त्यात पोरांचीही पाळी. काही घरे दार उघडत नाहीत, काही दहाच्या जागी पन्नास देतात. मागच्या आठवड्यात त्या मावशीच्या दारात गेलो. तिने वर्गणी दिली, पावती घडी करून ओच्यात ठेवली आणि म्हणाली, यादी दाखवा आधी. आम्ही वाचून दाखवली. कंत्राटी कामगारांचा ठराव या वेळी पहिला आहे. तिने त्यात एक भर घालायला सांगितली: पहाटे पाचच्या हजेरीला बायांसाठी जवळ संडास पाहिजे. आम्हाला हे सुचले नव्हते. लिहून घेतले.

30 डिसेंबरला मक्रणपूरला जाणार आहोत. त्या ओट्याजवळ दरवर्षी लोक जमतात. कन्नडला जाणाऱ्या गाडीत काही जागा शिल्लक आहेत. भाडे ज्याचे त्याने द्यायचे, आणि भाकरीही बरोबर आणायची.

जय भीम.