आमच्या हजेरीपटातले घोडेस्वार

कॅनडात रॉकी पर्वताजवळ कॅलगरी नावाचे शहर आहे. गुराखी घोडेस्वारांच्या खेळांचा तिथला मेळा १९१२ साली प्रथम भरला. तो वारसा ते शहर आजही मिरवते. सह्याद्रीजवळचे आपले पुणेही एकेकाळी घोडेस्वारांचे शहर होते.

म्हणून उर्दू शाळेतल्या मुलांना घेऊन आम्ही रास्ता पेठेत गेलो. पेशव्यांच्या घोडदळाचे प्रमुख आनंदराव रास्ते यांनी ती वसवली. तिचे जुने नाव शिवपुरी. भीमेच्या खोऱ्यातली काटक भीमथडी तट्टे मराठ्यांच्या घोडदळात होती, हे मुलांना सांगितले. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार, खुरांना नाल ठोकणारा तो नालबंद.

मुले एकमेकांकडे पाहू लागली. वर्गात एक बारगीर होता, एक नालबंद. “सर, म्हणजे आमचेच लोक?” एकाने विचारले. शिवरायांच्या फौजेतील सरदार सिद्दी हिलाल यांचे नाव आम्ही घेतले.

इतिहासाच्या तासाला ही मुले आजवर पाहुण्यासारखी बसत. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना “हाजिर” जरा मोठ्याने ऐकू आले.