कधीच खाली न येणारा आकडा

मानकोलीत कुणालाही सांगितलं की मी रविवारी ब्रिजसाठी डोंबिवलीला जातो, तर समोरचा दुरुस्ती करतो, "ब्रिजवरून जातोस म्हण ना." आमच्याकडे ब्रिज म्हणजे उल्हास खाडीवरचा मोठागाव-मानकोली पूल. तो झाला आणि डोंबिवली एकदम शेजारी आली. पत्त्यांच्या ब्रिजचा मात्र पुलाशी बहुधा काही संबंध नाही. १८८६ साली लंडनमध्ये या खेळाच्या नियमांची एक छोटी पुस्तिका निघाली, तिचं नाव 'बिरिच, ऑर रशियन व्हिस्ट'. त्या बिरिचचं पुढे ब्रिज झालं, असं मानतात. इस्तंबूलमधल्या गलाता पुलावरून पत्ते खेळायला जाणाऱ्या ब्रिटिश सैनिकांमुळे हे नाव पडलं, अशीही एक दंतकथा आहे. खरं असेल तर ते माझ्यासारखेच. पूल ओलांडायचा तो पत्त्यांसाठी.

मला हा नाद लागून तीन वर्षं झाली. नाद हा शब्द आईचा. तिच्या मते पत्ते 'कुटतात', खेळत नाहीत. पैसे लावत नाही म्हटल्यावर तिला आणखीच कळेनासं होतं: मग रात्री दीडपर्यंत कशासाठी जागतोस?

कशासाठी, याचं उत्तर ०.२१. मला मिळालेला पहिला पॉइंट एवढाच होता. पूर्ण एकसुद्धा नाही. या तुकड्यावर चहा मिळत नाही, तो कुणाला देता येत नाही, विकता येत नाही. पण तो एकदा नावावर लागला की लागला, कधीच कमी होत नाही. या शेवटच्या गोष्टीचा इतिहास शोधताना मला माझ्याबद्दल जरा नको तेवढं कळलं.

आधी खेळ. मेंढीकोट येत असेल तर अर्धा ब्रिज तुम्हाला येतोच. चौघं जण, समोरासमोर बसलेले दोघं भिडू, प्रत्येकाला तेरा पत्ते, एकूण तेरा हात. फरक असा की आधी बोली लागते: हुकूम कोणता आणि आपण किती हात करणार. बोली जिंकणाऱ्याच्या भिडूचे पत्ते टेबलावर उघडे मांडतात, त्याला डमी म्हणतात. एका माणसाच्या हातात येऊ शकणारे तेरा पत्ते ६३,५०१ कोटींहून जास्त प्रकारचे असतात. त्यामुळे एखादा डाव पुन्हा तसाच येईल, ही भीती नाही.

पण पत्ते म्हटले की नशीब आलंच. चार एक्के आले तर कुणीही जिंकेल. यावर उपाय शोधायची धडपड ब्रिजच्याही आधीची, व्हिस्टच्या काळातली आहे. १८५७ साली लंडनमध्ये 'कॅव्हेन्डिश' या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्सने एक प्रयोग केला. तेच डाव दोन टेबलांवर खेळवायचे. एकीकडे चांगले खेळाडू, दुसरीकडे कच्चे. पत्ते सारखेच, मग फरक उरतो तो डोक्याचा. आज क्लबात हेच चालतं. प्रत्येक डाव चार खणांच्या एका चपट्या ट्रेमध्ये असतो. खेळून झाला की ज्याचे पत्ते त्याच्या खणात परत जातात आणि ट्रे पुढच्या टेबलाकडे सरकतो. याला डुप्लिकेट ब्रिज म्हणतात. तुमची तुलना समोर बसलेल्यांशी नसते. तुमच्याच खुर्चीत, तुमचेच पत्ते घेऊन दुसऱ्या टेबलावर बसलेल्या माणसाशी असते.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हादरलो होतो. 'पत्तेच वाईट आले' ही सबब संपली. रडके पत्ते घेऊन तुम्ही दोन हातांनी बुडालात आणि बाकी सगळे तीन हातांनी बुडाले, तर तुम्ही पहिले. आयुष्यात असं कुठे होतं? तुमच्याच घरात, तुमच्याच मार्कांवर, तुमच्याच पगारावर दुसरा माणूस काय करून दाखवेल, हे कधी कळत नाही. इथे दर सात-आठ मिनिटांनी कळतं.

इथवर सगळं निर्मळ आहे. पॉइंट आले ते पुढे, अमेरिकेत.

आज आपण खेळतो तो कॉन्ट्रॅक्ट ब्रिज १९२५ च्या शरदात एका जहाजावर आकाराला आला. हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्ट हा रेल्वेवाल्या घराण्यातला श्रीमंत गृहस्थ 'फिनलंड' नावाच्या बोटीने पनामा कालव्यातून निघाला होता. त्याने गुणांची नवी पद्धत तयार करून मित्रांबरोबर खेळून पाहिली. पाच-सहा वर्षांत अमेरिका या खेळाने झपाटली. १९३१ च्या डिसेंबरमध्ये, महामंदी ऐन भरात असताना, न्यूयॉर्कमध्ये ईलाय कल्बर्टसन आणि सिडनी लेन्झ यांच्या जोड्यांचा १५० रबरांचा सामना सुरू झाला आणि वर्तमानपत्रांनी तो एखाद्या युद्धासारखा छापला. कल्बर्टसन पुस्तकं विकण्यात पटाईत होता. त्याची स्वतःची संघटनाही होती आणि तिच्यासमोर 'अमेरिकन ब्रिज लीग' उभी होती.

या लीगचे सचिव विल्यम मॅकेनी. स्पर्धा भरवणाऱ्या माणसाची अडचण काय असते? लोक यायला हवेत आणि पुन्हा यायला हवेत. चषक एकालाच मिळतो, बाकीचे हात हलवत घरी जातात. मॅकेनींच्या काळात, १९३० च्या दशकाच्या मध्यावर, लीगने 'मास्टर पॉइंट' सुरू केले: जिंकाल त्याप्रमाणे गुण, आणि ते कायमचे खात्यात जमा. १९३६ मध्ये 'लाइफ मास्टर' हा किताब आला तेव्हा तो फक्त दहा जणांना मिळाला. पहिला क्रमांक डेव्हिड ब्रूस यांचा. पुढच्याच वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या आणि आजची 'अमेरिकन कॉन्ट्रॅक्ट ब्रिज लीग' तयार झाली.

किताबाचं नाव नीट वाचा. 'लाइफ'. आयुष्यभरासाठी. बुद्धिबळातल्या एलो रेटिंगशी तुलना केली की यातली गंमत दिसते. अर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची ती पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात हरलं की आकडा उतरतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये विश्वचषक जिंकला, तरी पुढच्या स्पर्धेत ती हरली तर तिचंही रेटिंग खाली येतं. एलो विचारतो, आज तुम्ही किती चांगले आहात? मास्टर पॉइंट विचारतो, आजवर तुम्ही किती मिळवलंत? म्हणजेच, किती वेळा येऊन बसलात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमी वाढतंच. खेळ घसरला, स्मरणशक्ती गेली, तरी आकडा चढताच राहतो. त्याला खाली यायला जिनाच ठेवलेला नाही.

मी नोकरीत नेमकं हेच करतो. एका ॲपसाठी 'रिवॉर्ड'चा कोड लिहितो: सलग सात दिवस ॲप उघडलंत तर बिल्ला, तीस दिवसांनी रंगीत बिल्ला. त्यामुळे अमेरिकन लीगचे पुढचे नियम वाचताना मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखं वाटलं. पॉइंटांना रंग आले: काळे, चंदेरी, लाल, सोनेरी, पुढे प्लॅटिनम. काळे आपल्या क्लबात मिळतात. सोनेरी हवे असतील तर मोठ्या स्पर्धेला जावं लागतं, म्हणजे प्रवास, हॉटेल, प्रवेश फी. लाइफ मास्टर व्हायला नुसते पॉइंट पुरत नाहीत, ठरावीक रंगांचे लागतात. बरीच वर्षं ३०० पॉइंट लागायचे, १ जानेवारी २०१० पासून नव्या सदस्यांसाठी ते ५०० झाले. लोक जवळ पोचायला लागले की रेषा पुढे सरकवायची, हे आम्हीही करतो.

ऑस्वाल्ड जेकोबी १९६७ मध्ये दहा हजार पॉइंट गाठणारा पहिला माणूस ठरला. बॅरी क्रेन त्याच्याही पुढे गेला. तो टीव्हीचा निर्माता-दिग्दर्शक होता, 'मिशन: इम्पॉसिबल'सारख्या मालिकांवर काम करायचा आणि उरलेल्या वेळात देशभरच्या स्पर्धांना हजर राहायचा. वर्षभरात सर्वाधिक पॉइंट मिळवणाऱ्याला मॅकेनींच्या नावाचा चषक मिळे, तो त्याने सहा वेळा जिंकला. १९८५ मध्ये त्याचा खून झाला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे ३५ हजार पॉइंट होते, जगात सर्वाधिक. त्या चषकाला पुढे त्याचंच नाव दिलं गेलं.

आपल्याकडेही ब्रिज फेडरेशन ऑफ इंडियाचे मास्टर पॉइंट आहेत आणि खेळाला जुनी राजाश्रयाची पार्श्वभूमी आहे. जोड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या चषकाला होळकरांचं नाव आहे. मुंबईच्या जग्गी शिवदासानींनी १९८७ मध्ये अमेरिकेतली स्पिंगोल्ड स्पर्धा जिंकली. तेच २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. मध्ये छत्तीस वर्षं. त्याआधी २०१८ मध्ये जकार्तात ब्रिज पहिल्यांदा एशियाडमध्ये आला, तेव्हा कोलकात्याच्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ डे सरकार यांनी सुवर्ण मिळवलं. वयं ६० आणि ५६. पत्ते खेळून सुवर्ण? अशी तेव्हा बरीच थट्टा झाली. मला त्या बातमीत एक गोष्ट दिसली: ते पदक कुणा एकाच्या खात्यातल्या आकड्याला मिळालं नव्हतं. वर्षानुवर्षं एकमेकांसमोर बसलेल्या जोडीला मिळालं होतं.

हे मला आज दिसतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

माझे भिडू एक काका होते. पोस्टातून निवृत्त, सत्तरीच्या पुढचे, डोंबिवलीचे. नोकरीच्या दिवसांत लोकलमध्ये मांडीवर बॅग ठेवून ते ब्रिज खेळायचे. मला बोलीची पद्धत त्यांनीच शिकवली, तीही चहाचे पैसे स्वतः देऊन. एका रविवारी आम्ही चौथ्या क्रमांकावर होतो, पॉइंट मिळणार हे दिसत होतं. शेवटून दुसरा डाव. समोरच्यांचा करार चार इस्पिकचा, म्हणजे त्यांना दहा हात हवे होते. माझ्याकडे किलवरचं एकच पान, ते मी उतरलो. काकांनी किलवरचा एक्का मारून हात घेतला. आता त्यांनी परत किलवर टाकली की मी हुकूम मारणार आणि करार बुडणार. काकांनी बदाम टाकला. करार झाला, आम्ही सहावे आलो.

मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, "काका, एकच पान लक्षात ठेवायचं होतं तुम्हाला!"

ते एवढंच म्हणाले, "माझं चुकलं रे." पुढच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्याही.

मग मी ऑनलाइन खेळायला लागलो. २००१ मध्ये सुरू झालेल्या ब्रिज बेस ऑनलाइनवर रोबोंबरोबरच्या स्पर्धा असतात. तुम्ही एकटे माणूस, भिडू रोबो आणि समोरचे दोघंही रोबो. तुलना इतर माणसांशी, पण ती दिसत नाहीत. अर्ध्या तासात निकाल आणि जमलं तर पॉइंटाचा तुकडा. रोबोचा गुडघा दुखत नाही, त्याला चहा लागत नाही. कॅव्हेन्डिशची तुलना शाबूत, मॅकेनींचा आकडाही शाबूत. मधला माणूस तेवढा गेला. दोन महिन्यांत माझे पॉइंट आधीच्या दोन वर्षांपेक्षा जास्त झाले.

याच काळात एका रात्री खाली टपरीवर आमच्या चाळीतला एक मुलगा भेटला. तो नाक्यापलीकडच्या एका गोदामात पार्सल निवडण्याच्या कामाला आहे. हातातल्या स्कॅनरवर दिवसभर आकडा वाढत असतो, म्हणाला. मी विचारलं, आज किती? त्याने सांगितलं आणि हसला, "पण सकाळी परत शून्य." त्याच्या आकड्यामागे पगार आहे, घर आहे, तरी तो रोज पुसला जातो. माझ्या आकड्यामागे काहीच नाही आणि तो कायमचा आहे. मी मोबाइल खिशात ठेवला. त्याला माझे पॉइंट सांगावेसे वाटले नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना ब्रिजचाही दाखला दिला होता. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पत्त्यांची भीती आपण नेहमी पैशांत मोजली आणि रमीच्या ॲपमध्ये लोकांनी जे गमावलं ते पाहता ती रास्तच होती. पण माझं एक रुपयाचंही नुकसान झालं नव्हतं. मी एक माणूस घालवला होता, आणि त्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नव्हती. तिथे फक्त जमेची बाजू छापतात.

मी काकांच्या घरी गेलो. माफी मागायचं वाक्य पाठ केलं होतं, ते म्हणेपर्यंत त्यांनी पत्ते काढले होते. काकू आणि शेजारच्या मावशी बसल्या आणि आम्ही चौघांनी मेंढीकोट खेळलो. उठताना ते म्हणाले, "रविवारी येतोस का? पण आता मला सगळी पानं लक्षात राहत नाहीत, आधीच सांगतो."

गेल्या रविवारी आम्ही पाचवे आलो. काकांनी एक डाव असा खेळला की मी अजून त्याचा विचार करतोय. चार टेबलांवर तोच करार बुडाला होता, त्यांनी केला. डावानंतर त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा कॅव्हेन्डिशने १८५७ मध्ये काय शोधलं, ते मला पुन्हा कळलं.

पाचव्या क्रमांकाला पॉइंट किती, हे घरी जाऊन बघायचं, घाई करायची नाही, असं मी ठरवलं होतं. मोठागावला पूल सुरू व्हायच्या आधी बाइक कडेला घेतली आणि बघितलं. ०.१४.