मराठी फौजा व उत्तरेकडील हिंवाळा

पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर असलेलें आणि 2021 मध्यें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलेलें वाघोली गांव पिलाजी जाधवराव यांच्या घराण्याचें ठिकाण होय. वाघेश्वराचें देवालय व पिलाजींची समाधि तेथें आहे. छत्रपति शाहूंच्या कारकीर्दींतील हे सरदार 1729 मध्यें छत्रसालाच्या साह्यास बाजीरावांबरोबर बुंदेलखंडांत गेले होते, व 1737 मध्यें मल्हारराव होळकरांबरोबर यमुना उतरून अंतर्वेदींत शिरले होते. दसऱ्यास सीमोल्लंघन करावें व मृगाच्या आधीं घरीं परतावें, हा दक्षिणी फौजांचा परिपाठ. त्यामुळें उत्तरेच्या स्वारींत हेमंत व शिशिर हे दोन्ही ऋतु बहुधा परमुलखांतच काढावे लागत. उष्ण देशच्या या लोकांनीं तेथील थंडी कशी सोसली, आणि पानिपतावर ती कां सोसवली नाहीं, याचा थोडा विचार येथें कर्तव्य आहे.

दक्षिणेंतील लोकांस थंडी ठाऊकच नव्हती असें म्हणणें बरोबर नाहीं. 17 जानेवारी 1935 रोजीं पुण्यांत पारा 1.7 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. परंतु देशावरील कडाका रात्रीपुरता असतो. दिवस वर आला कीं अंग मोकळें होतें. यमुनेच्या कांठीं पौषांत धुकें धरलें म्हणजे दिवसाही ऊन लाभत नाहीं, व असे दिवस ओळीनें येतात. अमरसिंहानें थंड वाऱ्याचें निवारण करणाऱ्या प्रावरणास ‘नीशार’ असा निराळा शब्द दिला आहे. आमच्या शिपायाचा नीशार म्हणजे घोंगडी. तीच अंथरावयाची, तीच पांघरावयाची व तीच पावसांत डोईवर घ्यावयाची. तिला शेकोटीची जोड असली तर रात्र निभे. शेकोटी विझली कीं एकट्या घोंगडीचें बळ थोडें.

तथापि घोंगडीवाल्या फौजांनीं उत्तरेंतील हिंवाळे काढले आहेत, हें विसरतां नये. रघुनाथराव 1757 चा हिंवाळा दिल्लीच्या आसपास काढून मार्च 1758 मध्यें सरहिंदेस व एप्रिलांत लाहोरास पोंचले. फौज चालती होती; आज या परगण्यांत, उद्यां त्या परगण्यांत मुक्काम पडे, व दाणा, वैरण आणि सरपण ज्या त्या ठिकाणीं मिळे. थंडीवरील खरा उपाय हा होता.

पानिपतावर तोच उपाय तुटला. सदाशिवरावभाऊ 14 मार्च 1760 रोजीं पतदुराहून निघाले, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडीं. ऑगस्टांत दिल्ली व 17 ऑक्टोबरास कुंजपुरा हस्तगत झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अबदालीनें बागपतानजीक यमुना उतरून दिल्लीची वाट रोखिली. नोव्हेंबरापासून मराठी लष्कर, बुणग्यांसह, खंदक खणून एका जागीं बसलें. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले व अंतर्वेदींतून रसद येण्याची आशा संपली. दोन दिवस पोटांत अन्न नाहीं असें सरदारांनीं भाऊंस सांगितल्याचें काशीराजानें लिहिलें आहे. जेथें खावयास दाणा नाहीं, तेथें शेकावयास लांकूड कोठून असणार?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ऋतुचर्या सांगतांना म्हटलें आहे कीं, हेमंतांत जाठराग्नि प्रबळ होतो, व त्यास योग्य इंधन न मिळाल्यास तो देहांतील रसच शोषून घेतो. पानिपतच्या छावणीचें याहून नेमकें निदान सांपडणें कठीण. थंडीनें फौज मारिली असें न म्हणतां, उपासमारीनें थंडीच्या हातीं दिली असें म्हणावें.

यास उलट बाजूनेंही पुष्टि मिळते. अबदाली थंड मुलखांतला. 1757 मध्यें उष्मा व पटकी यांमुळें त्यास मथुरेकडून माघारें फिरावें लागलें होतें. तोच 1760 चा पावसाळा अनूपशहरास राहिला, कारण या वेळीं नजीबखान व रोहिल्यांचा मुलूख त्याच्या पाठीशीं होता. परका ऋतु पाठीशीं असलेल्या मुलखाच्या बळावर सोसतां येतो. तें अबदालीस लाभलें, भाऊंस लाभलें नाहीं.

येथें एका लोकसमजुतीचा निरास करणें इष्ट वाटतें. हल्लींच्या तारखेवरून पानिपतचा दिवस संक्रांतीचा मानतात. परंतु गणित केलें असतां 1761 चें मकरसंक्रमण 10 जानेवारीच्या सुमारास येतें. युद्ध पौष शुद्ध 8, शके 1682, बुधवार, 14 जानेवारी रोजीं, म्हणजे सुमारें चार दिवसांनीं झालें. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले तो 10 जानेवारी 1760 हा दिवस मात्र संक्रमणाच्या अगदीं लगतचा होता.

राजवाड्यांनीं 1898 मध्यें छापिलेला पहिला खंड व सरदेसायांनीं 1930 पासून प्रसिद्ध केलेल्या पेशवे दप्तरांतील निवडी यांमुळें राजकारणाचे कागद उजेडांत आले. शिपायाच्या अंगावर काय होतें, हें मात्र कीर्दी, पागेचे हिशेब व मोदीखान्याच्या यादी यांवरूनच कळावयाचें. घोंगडी, कांबळें, घोड्यांच्या झुली, सरपण, कडबा यांच्या रकमा तेथें सांपडावयाच्या. मात्र अशी रकम सांपडतांच ती हिंवाळ्याची समजूं नये. हिशेबांतील मुसलमानी चांद्रमास ऋतूंतून फिरत असतात: पानिपतच्या वेळीं जमादिलाखर पौषांत होता, तोच सोळा वर्षांनीं ऐन पावसाळ्यांत आला. म्हणून आधीं शकमितीशीं मेळ घालावा, मग अनुमान करावें.

संग्राहक मोर्तबाचीं पत्रें व सनदा जपतात. फाटके हिशेब रद्दींत जातात. वाघोलीसारखीं गांवें शहरांत मिसळत आहेत, व ठिकठिकाणीं जुने वाडे उतरविले जात आहेत. ज्यांच्या हातीं अशीं बाडें येतील, त्यांनीं सनद काढून घेऊन बाकीचें टाकूं नये. फौज कशानें जगली, याचा पुरावा त्या टाकाऊ पानांत असण्याचा संभव आहे.