पाठीवरचे बिऱ्हाड : बेगम बाजारातला तांडा आणि आजचे चाकांवरचे घर

घर भाड्याने देऊन किंवा चक्क विकून, एका मोठ्या व्हॅनमध्ये गादी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून बारमाही रस्त्यावर राहणारी माणसे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. गोमंतकीयांना या दृश्याचे नवल नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे निघालेल्या बसगाड्या हणजूण-कळंगुटपर्यंत येऊन विसावत. आजही हिवाळ्यात हरमल वा आगोंदच्या बाजूला परदेशी क्रमांकाच्या निवासी गाड्या माडांच्या सावलीत उभ्या आढळतात. या गाडीला जगभर 'कॅरव्हॅन' म्हणतात. शब्द मूळचा फारसी, 'कारवान'. व्यापाऱ्यांच्या तांड्यासाठी असलेला हा शब्द चाकांवरच्या घराला फार उशिरा चिकटला.

हैदराबादेत कारवान हे एका वस्तीचे नाव आहे. मुसी नदीच्या उत्तरेला, जुन्या शहरातून गोवळकोंड्याकडे जाणाऱ्या वाटेवर ती वसली. तिथून पूर्वेला थोड्या अंतरावर बेगम बाजार लागतो. दुसरा निजाम, निजाम अली खान (कारकीर्द १७६२ ते १८०३), याची पत्नी हमदा बेगम हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, अशी या नावामागची हकिकत सांगितली जाते. आज मसाले, सुकामेवा, तांब्या-पितळेची भांडी आणि किराणा यांची घाऊक उलाढाल इथे चालते. हातगाड्या, टेम्पो आणि हमाल यांच्यामधून वाट काढणे हेच एक कौशल्य ठरते. एकोणिसाव्या शतकात हा हैदराबादच्या सावकारीचाही बालेकिल्ला होता. मारवाडी पेढ्यांबरोबर गोसाव्यांच्या पेढ्या येथे होत्या. मठ आणि यात्रा यांच्या निमित्ताने देशभर फिरणारे हे लोक त्याच वाटांनी व्यापार करू लागले आणि पुढे शहरात स्थिरावले.

कायमच्या प्रवासाची चर्चा बाजारापासून सुरू करणे काहींना उफराटे वाटेल. परंतु आपल्याकडे जे पिढ्यानपिढ्या रस्त्यावर राहिले, ते कोणत्या ना कोणत्या बाजाराच्या आधारानेच राहू शकले. निसर्गाची ओढ किंवा मोकळ्या आभाळाचे वेड हे त्यांचे कारण नव्हते. दख्खनमध्ये धान्य आणि मीठ घेऊन फिरणाऱ्या बंजारा किंवा लमाण समाजाचा तांडा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय.

तांडा म्हणजे काय, हे परदेशी प्रवाशांनी बारकाईने लिहून ठेवले आहे. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या १४ हजार बैलांचा एक तांडा भेटला. अशा एका तांड्यात सहाशे-सातशे माणसे, म्हणजे पुरुष, बायका आणि मुले सगळीच असत. संसाराचे सारे सामान बरोबर असे. लढायची वेळ आली तर बायकाही पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहत, असे तो नोंदवतो. बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असत. तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक, म्हणजे दहा-अकरा किलोमीटरपलीकडे चालत नसे, आणि तेही उन्हे उतरल्यावर. मुक्कामाला गोण्या उतरवून बैल चरायला सोडले जात. फ्रेंच जवाहीर तव्हेर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या लोकांचे चार गट होते आणि धान्य, तांदूळ, डाळी, मीठ यांपैकी एकेका गटाने एकच जिन्नस वाहायचा, असा दंडक होता.

हा संथ वेग समजून घेण्यासारखा आहे. बैलाचे इंधन वाटेवर उगवत असल्यामुळे वाहतुकीचा खर्च जवळजवळ नव्हता. मात्र त्यासाठी चरायला वेळ द्यावा लागे. घाई केली तर जनावर मरणार. पावसाळ्यात वाटा चिखलाच्या आणि नद्या भरलेल्या, म्हणून चार महिने गवत-पाण्याची जागा पाहून तांडा एका ठिकाणी पाल ठोकी. त्या काळात गोणी शिवल्या जात, बैलांची देखभाल होई, लग्ने लागत. थोडक्यात, बारमाही फिरणारे म्हणून ज्यांची ख्याती, तेही वर्षाचा तिसरा हिस्सा स्थिर असत.

तांड्याला काय काय लागत होते, याची याद हैदराबादशी जोडलेल्या एका प्रसिद्ध ताम्रपटात सापडते. शहाजहानचा वजीर असफखान १६३० च्या सुमारास विजापूरच्या मोहिमेवर दख्खनमध्ये उतरला, तेव्हा भंगी आणि जंगी या दोन नायकांचे बैल सैन्याची रसद वाहत होते. त्यांना सोन्याच्या अक्षरांत कोरलेला ताम्रपट मिळाला, अशी परंपरा आहे. त्यातल्या सवलती तीन. लोकांच्या रांजणातले पाणी घेण्याची मुभा, छपराचे गवत काढून घेण्याची मुभा आणि दिवसाला तीन खून माफ. तिसरे कलम अंगावर काटा आणते खरे. पण ऐतिहासिक दृष्ट्या पाहता रस्त्यावरच्या जीवनाच्या तिन्ही गरजा यात आल्या आहेत : पाणी, चारा आणि स्थानिक अंमलदाराच्या तावडीतून संरक्षण. हा ताम्रपट निजामाच्या राज्यातल्या भंगी नायकाच्या वंशजांकडे असल्याची नोंद ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केली आहे. सैन्याला तांडा हवाच होता. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीची रसदही याच बैलांवर अवलंबून होती.

गोव्याचे मीठ घाटावर जाई तेही बैलांच्याच पाठीवरून. आगरात पिकलेले मीठ आणि नारळ वर चढत, धान्य खाली उतरे. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरूनच आला, अशी एक व्युत्पत्ती सर्वत्र दिली जाते. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारान्वये गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि १८९२ पर्यंत टिकले. मिठागरांच्या इतिहासात या कराराची चर्चा होते. परंतु ज्यांच्या बैलांवरून ते मीठ जात होते, त्यांचे काय झाले हे क्वचितच विचारले जाते. याच सुमारास मुरगावहून घाटावर जाणारा लोहमार्ग आला. १८८८ मध्ये गाडी कॅसलरॉकपर्यंत पोहोचली. हैदराबादेत हे आधीच घडले होते. वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला आणि शहराच्या घाऊक पेठांचा माल वाघिणींतून येऊ लागला. वनकायद्यांनी कुरणे राखीव केली, म्हणजे चाराही गेला. उरले ते संरक्षण. त्याच्या जागी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई-मद्रास इलाख्यांपर्यंत पोहोचला आणि ठिकठिकाणी लमाणांनाही त्याखाली आणण्यात आले. फिरणे हेच संशयाचे कारण ठरले. पोलीस ठाण्यात हजेरी देणे, परवान्याशिवाय गाव न सोडणे अशा अटी आल्या. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो.

आता आजच्या कॅरव्हॅनकडे वळू. रांजणाची जागा टाकीने घेतली आहे, पण प्रश्न तोच आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दोन माणसांना काटकसरीने तीन-चार दिवस पुरेल असे शंभर लिटर पाणी घेतले की गाडीत आणखी एक धष्टपुष्ट माणूस बसवल्यासारखे होते, आणि अनमोड वा चोर्ला घाट चढताना ते इंजिनाला जाणवते. भरलेली टाकी रिकामी होते, तेवढेच सांडपाणी दुसऱ्या टाकीत साठते. ते कुठे सोडायचे? चित्रफितींत सूर्यास्त दिसतो, हा प्रश्न दिसत नाही. शौचालयाच्या डब्याबद्दल तर बोलणेच नको. युरोपात आणि अमेरिकेत ठरावीक अंतरावर मैला रिकामा करण्याची सोय असलेले तळ असतात. आपल्याकडे अशी सोय अपवादानेच आढळते. त्यामुळे पेट्रोल पंप, धाबा किंवा एखाद्याचे अंगण यांच्या भल्या वृत्तीवर सगळे चालते.

कायद्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. टेम्पो वा जुनी बस घेऊन तिच्यात मनाजोगते घर बांधणे ही अनेकांची पहिली कल्पना असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद कठोरपणे लावली. म्हणून गाडी कापण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणीपुस्तिकेतली दुरुस्ती या दोन्हींची चौकशी करावी. दुसरे, कलम ४७. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा क्रमांक सुरू झाला. पण तो प्रामुख्याने सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या नोकरदारांना मिळतो. स्वच्छंद फिरणाऱ्याला नाही. परदेशी गाड्या सीमाशुल्क माफीच्या 'कार्ने' कागदावर येतात आणि त्यांची मुदत साधारण सहा महिने असते.

गोव्यात आणखी एक अट लक्षात ठेवावी. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा २०१९ मध्ये सुधारला गेला आणि उघड्यावर स्वयंपाक करणे दंडनीय झाले. तेव्हा एकट्यादुकट्याला दोन हजार आणि समूहाला दहा हजार रुपये दंड होता. २०२५ मध्ये दंडाची रक्कम वाढवण्यात आली. रस्त्याकडेला बस थांबवून चुली मांडणाऱ्या सहलींवर हा रोख होता आणि त्यामागची नाराजी रास्त होती. किनाऱ्यावर उष्ट्या पत्रावळी आणि बाटल्या कुणालाच नकोत. तरीही परदेशी निवासी गाडीबाहेरचा गॅस आणि घाटावरून आलेल्या कुटुंबाचा स्टोव्ह यांच्याकडे आपण एकाच नजरेने पाहतो का, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासावे. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली. त्यांचा भर सुट्टीतल्या चार दिवसांच्या पर्यटकावर आहे. बाराही महिने गाडीत राहणारा त्यांच्या नजरेसमोर नाही.

त्याची सर्वांत मोठी अडचण पाणी किंवा डिझेल नसून पत्ता ही आहे. बँक, विमा, वाहन परवाना, मतदारयादी, शिधापत्रिका, सगळीकडे एक पत्ता हवा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० नुसार मतदार हा त्या मतदारसंघाचा 'सर्वसाधारण रहिवासी' असावा लागतो. बेघर व्यक्तीसाठी निवडणूक आयोगाने मार्ग ठेवला आहे. अर्जात दिलेल्या ठिकाणी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री, एकाहून अधिक वेळा, जाऊन पाहतो की ही व्यक्ती खरोखर तिथे झोपते का. म्हणजे पदपथावर झोपणाऱ्याला मत मिळू शकते, पण पदपथ रोज बदलून चालत नाही. अमेरिकेतल्या कायम फिरणाऱ्यांनी यावर तोडगा काढला. साउथ डाकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहन परवान्यापुरता रहिवास घेता येत असे. फ्रान्समध्ये २००० च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक लोकवस्तीच्या गावांवर भटक्यांसाठी तळ राखण्याची जबाबदारी टाकली.

आपल्याकडे हा प्रश्न दोन आयोगांनी मांडला आणि दोन्हींचे अध्यक्ष मराठी होते. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींची लोकसंख्या त्यात १० कोटींहून अधिक अंदाजिली होती. भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१७ मध्ये दुसरा अहवाल दिला. बंजारा समाजापुरते बोलायचे तर जुने हैदराबाद संस्थान आज तीन राज्यांत विभागले आहे आणि तिन्हींत त्यांची नोंद वेगळी. तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या बंजारा आंदोलकांनी याच विसंगतीवर बोट ठेवत हैदराबाद गॅझेटियरचा आधार पुढे केला. राज्य ओलांडले की दाखला बरोबर जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले होते. ते प्रकरणही आंध्रातून महाराष्ट्रात आलेल्या विद्यार्थ्याचेच होते. गोव्याच्या अनुसूचित जाती वा जमातींच्या यादीत लमाणींचे नाव नाही.

तेलंगणाने २०१८ च्या पंचायतराज कायद्याने पाचशे वा अधिक लोकवस्तीच्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा दिला. एकेकाळी चालत्या बैलांच्या रांगेला जो शब्द होता, तो आता सरपंच, शाळा आणि पिनकोड असलेल्या गावाला लागतो. त्या गावांतून आणि कर्नाटकातल्या तांड्यांमधून कामाला बाहेर पडणारे मात्र थांबलेले नाहीत. आरशांच्या कशिद्याच्या पिशव्या, मण्यांच्या माळा आणि चादरी घेऊन कळंगुट-बागाच्या वाळूत फिरणाऱ्या लमाणी स्त्रिया हा त्याच वाटेचा आजचा टप्पा आहे. मे संपत आला, समुद्र उसळू लागला की त्यांतल्या अनेक जणी गाठोडी बांधतात आणि एसटी वा रेल्वेने घाट चढून पावसाळ्यापुरत्या आपापल्या तांड्यांवर परततात.