आठ फुल्या, चार आकडे: नंबर अर्धा झाकण्याचा इतिहास

बदलापूर लोकलमध्ये बसून हा एपिसोड ऐकत असाल, तर बँकेचा शेवटचा मेसेज उघडा बरं. खातं नंबर पूर्ण दिसतोय का? नाही ना? आधी फुल्या, मग तीन-चार आकडे. हे अर्धं झाकणं आलं कुठून, तेच आज बघू.

सुरुवात आपल्याच भागातून करू. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. कॅम्प नंबर, बराक नंबर, खोली नंबर हीच माणसाची ओळख. सगळं मागे सोडून आलेल्याला नंबर लपवायचा नव्हता, तो दाखवायचा होता. नोंद झाली तरच रेशन, तरच घर. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर आधी येतो.

आता थेट २०१० मध्ये येऊ. २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार मिळालं. बारा आकडे. पुन्हा तीच गोष्ट: नोंद झाली तर हक्क मिळणार. फरक एवढाच की बराकीचा नंबर कॅम्पापुरता होता. आधार बँकेत, सिमला, गॅसला, सगळीकडे जोडलं गेलं. आणि त्याच्या झेरॉक्स गल्लोगल्ली पडून राहिल्या.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर सूर बदलला. मास्क्ड आधार आलं: पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसणारे. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही सांगितलं की पडताळणीसाठी नंबर लागत नसेल, तर कागदावरचा आधार नंबर ग्राहकाकडून झाकून घ्या. मे २०२२ मध्ये तर गंमतच झाली. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, असं पत्रक बंगळुरूच्या कार्यालयाने २७ तारखेला काढलं आणि २९ ला सरकारने ते मागे घेतलं.

हे झाकणं तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे. एक्सेलमध्ये मजकुराचे तुकडे करणारी फंक्शन्स असतात. लेफ्ट डावीकडून अक्षरं काढतं, राइट उजवीकडून, मिड मधून. राइटने शेवटचे चार आकडे घ्यायचे आणि पुढे आठ फुल्या जोडायच्या. झालं!

पण खरी गोम इथेच आहे. समजा अंबरनाथच्या एखाद्या सोसायटीत भाडेकरूंची यादी अशी झाकून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. फुल्या फॉर्म्युल्यातून आल्या असतील, तर मूळ नंबर त्याच फाइलमध्ये शेजारच्या कॉलममध्ये बसलेला असतो. कॉलम 'हाइड' केला तरी दोन क्लिकमध्ये परत उघडतो. म्हणून झाकलेला कॉलम 'पेस्ट व्हॅल्यूज' करून नव्या फाइलमध्ये घ्यायचा आणि तीच फाइल पाठवायची.

दुसरी गोम म्हणजे किती झाकलं. आधारचा शेवटचा अंक हा तपासणीचा असतो. १९६९ मध्ये डच गणितज्ञ व्हरहूफ यांनी मांडलेल्या रीतीने तो आधीच्या अकरा अंकांवरून निघतो. त्यामुळे एकच आकडा झाकला, तर उरलेल्या अकरांवरून तो काढता येतो. आठ झाकले, तर? आधार शून्य किंवा एकने सुरू होत नाही, हे धरूनही ८० लाख शक्यता उरतात.

तिसरी गोम सगळ्यात वाईट. एकाने पहिले आठ झाकले, दुसऱ्याने शेवटचे चार. दोघांनीही काळजी घेतली, पण दोन्ही कागद शेजारी ठेवले की पूर्ण नंबर हजर! म्हणून सगळ्यांनी एकच बाजू झाकायला हवी. फुल्या कुठे मारायच्या हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं, तर फुल्यांचा उपयोग शून्य.

१९४९ मध्ये नंबर दाखवता आला तर माणूस सरकारला दिसत होता. आज तो नको तितक्या लोकांना दिसतो. दाखवायचं तर आहेच, पण किती, हा प्रश्न आता आपल्या हातात आलाय. तेव्हा पुढच्या वेळी लॉजवर किंवा भाडेकरारासाठी आधार मागितलं, तर आधी एवढंच विचारा: मास्क्ड चालेल का? बहुतेक वेळा ओळख पटवायला शेवटचे चार आकडे आणि फोटो पुरतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!