परका हात आणि शरीराची स्मरणशक्ती

१९६४ साली इक्वेडोरमधील ग्वायाकिल शहरात एका खलाशाला मृत दात्याचा हात बसवण्यात आला. शस्त्रक्रिया जमली, पण दोन-तीन आठवड्यांतच शरीराने तो हात नाकारला व तो कापावा लागला.

असे का होते, याचा उलगडा पीटर मेदावर यांनी १९४०च्या दशकातच केला होता. भाजलेल्या रुग्णाला दुसऱ्याची त्वचा लावली तर ती गळून पडते. त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावली तर आणखी लवकर गळते. म्हणजे शरीर परक्याला ओळखते आणि लक्षातही ठेवते. हातात त्वचा, स्नायू, हाडे, रक्तवाहिन्या, चेतातंतू असे सारेच असते आणि त्यांत त्वचेला शरीराचा विरोध सर्वांत तीव्र असतो.

सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांसारखी प्रतिकार दडपणारी औषधे हाती आल्यावर १९९८ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे व १९९९ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे हात बसवले गेले. लिआँच्या रुग्णाने पुढे औषधे सोडली; २००१ मध्ये त्याचा हात काढावा लागला.

औषधे नियमित घेऊनही बहुतेक रुग्णांत पहिल्या वर्षात नकाराचा एखादा तरी झटका येतो. त्वचेवर लाल चट्टे उठतात, औषध वाढवले की मावळतात. पण झटका खरोखर मागे काही न ठेवता जातो का? पिट्सबर्गच्या संशोधकांनी उंदरांत परके पाय बसवून वारंवार असे झटके येऊ दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष बोलके होते : रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झाल्या, स्नायू झिजले आणि त्यांच्या जागी तंतुमय ऊती वाढल्या. अवयव जिवंत राहिला, पण खंगला. लुइव्हिलच्या एका रुग्णाचा हातही रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्याने सुमारे नऊ महिन्यांत गमवावा लागला होता.

कार्याच्या दृष्टीने हे गंभीर आहे. चेतातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. कोपरापासून बोटांपर्यंत पोचायला त्यांना वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर स्नायू तंतुमय झाला असेल, तर आज्ञा पोचूनही बोट हलणार कसे?

भारतात २०१५ मध्ये कोची येथे पहिले हस्तप्रत्यारोपण झाले. अशा शस्त्रक्रियेचे यश हात टिकला यावर नव्हे, तर त्याने शर्टाचे बटण लावता येते का, यावर मोजायला हवे. वर्गात लसीकरण शिकवताना हेही सांगावे : गोवरापासून आपल्याला वाचवणारी शरीराची स्मरणशक्तीच इथे उपकारकर्त्या हातावर उलटते.