मालव्याची अफू आणि कंपनीचा मक्ता

इंदूरच्या सराफ्यातल्या जुन्या पेढ्यांचा विषय निघाला की आपण कापसाचे नाव घेतो, सावकारीचे घेतो. अफूचे नाव घेताना मात्र आवाज खाली येतो. वाचकहो, आपल्या मालव्याने एकेकाळी ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मोडून काढली होती, आणि ती याच अफूच्या बळावर. ही हकिकत अभिमानाने सांगावी की नाही, याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. म्हणून ती आपल्यापुढे ठेवतो.

आधी बिहारकडचा कारभार पाहू. 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने तिथला अफूचा व्यापार कंपनीच्या ताब्यात घेतला. सुरुवातीला तो खरोखरच मक्त्याने दिला जाई. शतकाच्या अखेरीस मक्तेदारांना दूर करून कंपनीने स्वतःचे एजंट नेमले. शेतकऱ्याला पेरणीआधी उचल मिळे. ती घेतली की खसखशीच्या बोंडांना चिरे देऊन काढलेला सगळा चीक कंपनीच्याच गोदामात, कंपनीच्याच भावाने घालायचा. दुसरे गिऱ्हाईक शोधणे हा गुन्हा. तोच माल कलकत्त्याच्या लिलावात कितीतरी पट भावाने विकला जाई. चीनमध्ये अफूविक्रीवर 1729 पासून बंदी होती. म्हणून तो तिकडे नेत खासगी व्यापारी, आणि कंपनी नामानिराळी राही.

यात एक बारकावा आहे. कंपनी माल मुद्दाम बेतानेच काढी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्षाला साधारण चार-पाच हजार पेट्या. पेटी म्हणजे आजचे साठेक किलो. माल कमी म्हणून भाव चढा. बाजारात एकच दुकान असले की दुकानदाराला जास्त विकण्याची घाई नसते.

मालव्यात हा हिशेब चालेना. येथे राज्य शिंद्यांचे, होळकरांचे आणि लहानमोठ्या संस्थानिकांचे. शेतकऱ्याला उचल देणारे सावकारही अनेक, त्यांत आमचे जैनही होते. ते काही धर्मात्मे नव्हते, व्याज घेतच. पण एकाने भाव पाडला तर दुसऱ्याचे दार उघडे होते. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर कंपनीचा वचक येथवर पोचला. तिने आधी मालव्याची अफू स्वतःच विकत घेऊन बाजार आटोक्यात आणू पाहिला. नवे गिऱ्हाईक आले म्हटल्यावर लागवड उलट वाढली! मग 1824 च्या सुमारास होळकरांसह काही दरबारांशी करार करून वाटा अडवल्या. शिंद्यांनी सही केली नाही. माल पालीमार्गे वाळवंट ओलांडून कराचीला आणि तेथून समुद्राने पोर्तुगीजांच्या दमणला जातच राहिला. अखेर 1830 मध्ये कंपनीने हात टेकले: पेटीमागे 175 रुपये भरा आणि उघडपणे मुंबईहून न्या. तरीही कराचीची वाट स्वस्त पडे, म्हणून 1835 मध्ये हे शुल्क 125 वर आणावे लागले. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, ती वाट बुजली, आणि 1847 पर्यंत तेच शुल्क 400 रुपये झाले. मक्तेदारी समजून घ्यायला मला हे तीन आकडे पुरेसे वाटतात.

येथवर गोष्ट ऐकायला गोड आहे. पण गिऱ्हाइकाचे काय झाले? स्पर्धेने माल स्वस्त होतो आणि गिऱ्हाइकाचे भले होते, असे आपण धरून चालतो. मालव्याच्या मालामुळे कँटनचे भाव खाली आले. तेव्हा कंपनीने टंचाईचे धोरण सोडून बिहारमधली लागवडच वाढवली. 1820 च्या सुमारास हिंदुस्थानातून चीनला चार-पाच हजार पेट्या जात. 1838-39 च्या हंगामात सुमारे चाळीस हजार. 1839 मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या आणि युद्ध पेटले. माझ्या दवाखान्यात अफूच्या आहारी गेलेली माणसे आली आहेत. दिवसाची गोळी स्वस्त मिळाली तर ती दोन घेतात, एवढेच मी पाहिले.

मुंबईचे मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, याच चीन-व्यापारातले. जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर त्यांचे, शत्रुंजयावरची मोतीशा टूंक त्यांच्याच पैशाची, आणि मुंबईची पांजरापोळही या दोघांच्या पुढाकाराने 1834 मध्ये उभी राहिली. त्या टूंकेवर मी डोके टेकवले आहे. त्यांच्या करुणेबद्दल मला शंका नाही. कँटनचा अफूबाज मात्र त्या करुणेच्या कक्षेत आला नाही, आणि आपल्या मालव्यातल्या पेढ्यांवरही त्याची आठवण कुणी काढली असेल असे मला वाटत नाही.

आज मंदसोर-नीमचकडे खसखस फुलते ती सरकारी पट्ट्यावर. चीक घेणारे सरकार एकटेच, भाव त्याचाच, आणि चोरून विकला तर तुरुंग. कंपनीच्या काळातला गाझीपूरचा कारखाना अजून चालू आहे, दुसरा नीमचला. त्या भागातून माझ्याकडे येणारे शेतकरी भावाची तक्रार करतात आणि ती मला खरी वाटते. पण तिथे दुसरे दुकान उघडू द्यावे, असे मात्र माझ्याने म्हणवत नाही.